सकाळी बघू

"दुखतंय म्हणजे कसं दुखतंय?"

सिस्टर पेन उघडून थांबल्या होत्या आणि मला उत्तर येईना. पहाटेचे तीन वाजत आले होते, गरोदरपणाचा २९ वा आठवडा चालू होता. येताना वाटेत मी सगळं मनात नीट लावून ठेवलं होतं, पण खुर्चीत टेकल्यावर तोंडातून एवढंच निघालं, "खूप दुखतंय."

"खूप हे किती झालं. मी कसं विचारलं."

राग आला. पण खरं सांगायचं तर मराठी बाईला दुखणं सांगायला शब्द कमी पडावेत, याचंच नवल. आपल्याकडे कळ येते, चमक मारते, सणक जाते, ठणका लागतो, ओढ बसते, मुरडा येतो, उसण भरते. काही टोचतं, काही सलतं, काही चुरचुरतं. पाठ भरून येते, कंबर धरते, पायात गोळे येतात. आणि यातला कुठलाही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. कळ येते तशी ओसरते, म्हणून तर पुढची येते. ठणका ओसरत नाही. चमक आली आली म्हणेपर्यंत गेलेली असते. डॉक्टर जे खोदून खोदून विचारतात त्यातलं निम्मं भाषेनं आपल्यासाठी आधीच वेगळं करून ठेवलंय. आपण मात्र दवाखान्यात शिरलो की हे सगळं दाराबाहेर ठेवतो आणि 'पेन होतंय' म्हणतो.

माझ्याजवळ त्या रात्री एक वही होती. छोटी, स्पायरलची, आधी हिशेबाला वापरलेली. तिच्यात मी पोट आवळून आल्याच्या वेळा टिपल्या होत्या: १:१०, १:१८, १:३१, १:३६, १:५५. शेजारी किती सेकंद टिकली तेही. २५, ४०, २०, ३०, २०. सिस्टरांनी वही हातात घेतली, दोन ओळींवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे चांगलं केलंत." मग पोटावर पट्टा बांधला, लघवी तपासायला घेतली, आत तपासलं. गर्भाशयाचं तोंड बंद होतं, बाळाचे ठोके उत्तम. दोन तासांनी घरी पाठवलं.

त्या होत्या खोट्या कळा. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८७२ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टर मंडळी त्यांना त्याच्या नावानं ओळखतात. प्रत्येक गरोदर बाईला आपलं पोट मध्येच दगडासारखं होतं हे त्याआधी हजारो वर्षं कळतच असणार, नाव मात्र लागलं त्याचं. असो. खोटी म्हणतात म्हणून ती कळ काल्पनिक नसते. गर्भाशय खरंच आवळतं. पोटावर हात ठेवला तर शेजारच्या माणसालाही ते कळतं. फरक एवढाच की या आवळण्यानं तोंड उघडत नाही. त्या कशाही येतात, अंतर कधी आठ मिनिटं तर कधी एकोणीस, आणि कूस बदलली, चार पावलं चाललं, पाणी प्यायलं, लघवीला जाऊन आलं की बहुधा निवतात. खऱ्या कळांना कशाची पर्वा नसते. तुम्ही चाला, झोपा, त्या आपल्या जवळजवळ येत राहतात, लांबत जातात, जोर धरतात.

शिवाय त्या रात्री मला जांघेपासून वर ओटीपोटात एक जीवघेणी चमक मारत होती. कूस बदलताना, शिंकताना, खुर्चीतून उठताना. रडू यावं एवढी. ती आणखी वेगळीच गोष्ट. गर्भाशय मुळात मुठीएवढं, वजनाला साठ-सत्तर ग्रॅम. दिवस भरेपर्यंत ते स्वतःच किलोभर होतं, आतलं बाळ, पाणी, वार सोडून. त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे दोरखंडासारखे स्नायुबंध असतात, ते ताणले जातात. अचानक हालचाल झाली की ते सणकन आवळतात आणि आपला श्वास अडकतो. क्षणभर. त्यात धोका काही नाही. शिंकायच्या आधी गुडघे थोडे पोटाकडे घेतले की बरं वाटतं.

म्हणजे माझ्या सगळ्या गरोदरपणात जे सर्वांत जास्त दुखलं ते सर्वांत निरुपद्रवी होतं. हे मला तेव्हा कोणी नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्याऐवजी निघताना ड्युटीवरच्या एका माणसानं हसत हसत सांगितलं, "पहिलटकरणींना सगळंच दुखतं हो."

वाईट हेतूनं नसेल म्हटलं. रात्रभर जागलेला माणूस, दिवसातून दहा जणींना घरी पाठवणारा. पण ते वाक्य माझ्या मनात जाऊन बसलं. परतताना मी नवऱ्याला दोनदा 'सॉरी' म्हटलं. तो म्हणाला, "अगं, कशाचं?" मला सांगता येईना. आपण उगाच बोभाटा केला, रात्रीची माणसं उठवली, सहन करायला हवं होतं, असलं काहीतरी. पोटात बाळ असताना बाई स्वतःच्या अंगावर एवढी कशी अविश्वास दाखवायला लागते, हे मला अजून कळलेलं नाही.

तर मग ३३ वा आठवडा.

उजवीकडे, बरगड्यांच्या खाली, छाती संपून पोट सुरू होतं तिथे, एक बोथट दुखणं. कळ नाही, चमक नाही. कोणीतरी आतून अंगठा दाबून धरलाय असं. मी अंतर्वस्त्राचा हुक सैल केला. उशी उंच घेतली. बाळाचा पाय लागत असेल, असंही वाटलं, कारण त्या दिवसांत खरंच लागायचा. थोडी मळमळ होती. डोकं दुपारपासून दुखत होतं, पण डोकं कोणाचं दुखत नाही? अंगठी दोन दिवसांपूर्वी निघेनाशी झाली म्हणून साबण लावून काढून ठेवली होती. या सगळ्या गोष्टी माझ्यासमोर होत्या, पण सुट्या सुट्या. त्यांची माळ मला ओवता आली नाही. शिवाय दुखणं तसं फारसं नव्हतंच. त्या पहिल्या रात्रीच्या चमकेपुढे तर काहीच नाही. मी छातीतल्या जळजळीवरची गोळी घेतली आणि पडून राहिले.

नवऱ्यानं विचारलं, "जाऊन येऊ या का?"

"नको. परत तेच ऐकायला?"

रात्र गेली. सकाळी आरशात चेहरा बघितला तर पापण्या सुजलेल्या. दात घासताना डोळ्यांपुढे काजवे चमकले, बारीक बारीक, पाण्यावरच्या उन्हासारखे. ते बघून मात्र पोटात गोळा आला. मी फोन केला. पलीकडे कोण होतं माहीत नाही, बाईचा आवाज होता, घाई नसलेला. तिनं पाच गोष्टी विचारल्या. कितवा आठवडा? दुखतंय कुठे, बोट ठेवून सांगा. डोकं दुखतंय का? डोळ्यांपुढे काही दिसतंय का? बाळ फिरतंय ना? मी उत्तरं दिली. ती म्हणाली, "आत्ता निघा. बॅग नंतर कोणीतरी आणेल."

रक्तदाब १६८/११२ निघाला.

गरोदरपणी २० आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० च्या वर गेला आणि सोबत लघवीतून प्रथिनं जायला लागली किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या प्लेटलेट्स यांच्यावर परिणाम दिसायला लागला, की त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. १६०/११० च्या पुढे तो गंभीर. उजव्या बरगडीखाली दुखतं ते यकृत सुजून त्याच्यावरचं आवरण ताणलं गेल्यानं. हीच जागा पित्तासाठीही दाखवली जाते, बाळाच्या पायासाठीही, जळजळीसाठीही, म्हणून फसगत होते. आणि रक्तदाब वाढलेला स्वतःला कळत नाही. तो दुखत नाही. मी पूर्ण शुद्धीत, बऱ्यापैकी बोलत होते, आणि माझ्याभोवती चार माणसं पळत होती.

शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट सुरू केलं. अंगातून गरम लाट जाते, जीभ जड होते, विचित्र वाटतं. झटके येऊ नयेत म्हणून देतात. हे जुनंच औषध, पण २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांहून जास्त बायकांवर झालेल्या मॅगपाय चाचणीनं दाखवून दिलं की त्यानं झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. मला त्या चाचणीचं नाव कितीतरी नंतर कळलं. त्यातल्या एकीचंही तोंड मी बघितलेलं नाही, पण ऋण आहे.

आणि दंडात एक इंजेक्शन, चोवीस तासांनी दुसरं. ते बाळासाठी. फुप्फुसं लवकर पक्व व्हावीत म्हणून. याची गोष्ट न्यूझीलंडची: तिथले डॉक्टर ग्रॅहॅम लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते, तेव्हा वेळेच्या फार आधी जन्मलेल्या, जगायलाच नको अशा एका कोकराला श्वास घेता येतोय हे त्यांच्या लक्षात आलं. त्या प्रयोगात स्टेरॉइड दिलेलं होतं. पुढे रॉस हॉवी यांच्याबरोबर त्यांनी बायकांमध्ये ते वापरून बघितलं आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. तेव्हापासून किती लाख मुलांनी त्या इंजेक्शनाच्या जोरावर पहिला श्वास घेतला असेल, कोण मोजणार. पण त्या औषधाला वेळ लागतो. पूर्ण गुण यायला साधारण चोवीस तास. बाळ त्याआधी बाहेर आलं तर तेवढा फायदा मिळत नाही.

हा चोवीस तासांचा आकडा मला आजही टोचतो. मी आदल्या संध्याकाळी आले असते तर एक रात्र हाताशी जास्त मिळाली असती. माझं नशीब की रक्तदाब औषधांनी आटोक्यात राहिला आणि डॉक्टरांना दोन दिवस काढता आले. मुलगी १,७२० ग्रॅमची झाली. रडली. एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होती. आता ती माझ्या शेजारी बसून चपलेचा बंद स्वतःच बांधायचा हट्ट करतेय आणि चुकवतेय.

तेव्हापासून मी या विषयावर जमेल तेवढं वाचलं. भीतीनं म्हणा, रागानं म्हणा. आणि माझ्या लक्षात आलं की 'किती दुखतंय' हा प्रश्न गरोदरपणात जवळजवळ बिनकामाचा आहे. एक ते दहाच्या पट्टीवर माझी शिंकेची चमक नऊ होती आणि यकृताचं दुखणं तीन. विचारायचं ते हे की दुखणं कुठे आहे, येतं-जातं की ठाण मांडून बसलंय, आणि ते एकटं आलंय की कोणाला सोबत घेऊन.

सोबतीचं फार महत्त्व आहे. ओटीपोटात दुखतंय आणि लघवीला जळजळतंय, वर थंडी वाजून ताप आणि एका बाजूला कमरेच्या वर ठणका, म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला असण्याची शक्यता आहे. एरवी कोणी चार दिवस अंगावर काढेल. गरोदरपणी त्यातूनच वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. एका पायाच्या पोटरीत गोळा आला, चोळल्यावर गेला, तर तो गोळाच. पण पोटरी दुखतेच आहे, तोच पाय सुजलाय, हाताला गरम लागतोय, तर शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. अशी पोटरी चोळायची नाही, दाखवायची. आणि त्यात छातीत दुखायला लागलं, दम लागला, तर विचार करत बसायचं नाही. डाव्या पायाला हे जास्त होतं, कारण वाढलेलं गर्भाशय आणि शेजारची रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनी, मिळून डावीकडची शीर दाबतात. अपेंडिक्सला तर बाई गरोदर आहे की नाही याच्याशी देणंघेणंच नसतं. गरोदर बाईचंही अपेंडिक्स दुखतं, आणि प्रत्येक पोटदुखीचा संबंध बाळाशी लावायच्या नादात ते राहून जातं.

सुरुवातीच्या दिवसांतलं एक दुखणं मला सर्वांत लबाड वाटतं. पाळी चुकून दोन-चार आठवडे झालेले, चाचणी झालेली, अजून सोनोग्राफी नाही. ओटीपोटात एका बाजूला दुखतं, थोडं अंगावर जातं. आणि मग खांद्याच्या टोकाशी दुखायला लागतं. खांदा! बाई म्हणते, अवघडून झोपले असेन. पण गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनलिकेत राहिला असेल आणि नलिका फाटून पोटात रक्त साचलं असेल, तर ते छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासपटलाला लागतं. श्वासपटलाची नस मानेतून निघते आणि खांद्याची संवेदनाही तिथेच पोचते. मेंदूला पत्ता चुकतो. रक्त पोटात, दुखतं खांद्यात. अशा वेळी चक्कर, घाम, पांढराफटक चेहरा यांची वाट बघायची नसते. शंभरात एक-दोन गरोदरपणं अशी असतात, म्हणजे अगदीच विरळा नाही.

आणि शेवटच्या महिन्यांतलं ते दुसरं, ज्याच्या नुसत्या वर्णनानं माझ्या अंगावर काटा येतो. पोट लाकडासारखं कडक होतं आणि कडकच राहतं. कळेनंतर जो सैलपणा यायला हवा तो येतच नाही. वार गर्भाशयापासून सुटायला लागली की असं होतं. कधी भळाभळा रक्त जातं, कधी थेंबही दिसत नाही, कारण ते वारेमागेच अडकलेलं असतं. 'अंगावर जात नाहीये ना, मग झोप' हा घरगुती निकष इथे साफ तोंडघशी पाडतो. पडल्यावर, गाडीला धक्का बसल्यावर, पोटावर मार लागल्यावर पोट दुखत नसलं तरी दाखवून यावं ते यासाठीच.

३७ आठवड्यांच्या आधीच्या कळांचं तर सगळंच गुळमुळीत. सिनेमात बाई किंचाळते, कोणीतरी पाणी उकळायला धावतं. प्रत्यक्षात वेळेआधीच्या कळा कित्येकींना पाळीसारख्या वाटतात. मांड्या भरून येतात, कंबर लयीत दुखते, येते आणि जाते, खाली जड वाटतं, कधी नुसतं जुलाब होतील असं वाटतं. स्राव पातळ होतो, वाढतो, त्यात गुलाबी रेघ दिसते. किंचाळण्यासारखं काहीच नसतं. तासाभरात चार-सहा वेळा असं व्हायला लागलं तर ते मोजायचं कमी आणि कळवायचं जास्त. माझी पहिली रात्र, जिच्याबद्दल मला चार आठवडे लाज वाटली, ती या हिशेबानं अगदी बरोबर होती. २९ व्या आठवड्यात दर दहा-पंधरा मिनिटांनी पोट आवळत असेल तर जायलाच हवं होतं. खोट्या होत्या हे तपासल्यावर कळलं. तपासल्याशिवाय त्या सिस्टरांनाही कळलं नसतं, मला घरी बसून कुठून कळणार?

जे दुखतच नाही त्याचं काय? बाळ रोजच्यासारखं फिरत नाहीये, हे दुखणं नाही, म्हणून बाई त्याला दुखण्याच्या रांगेत उभंच करत नाही. शेवटी शेवटी जागा कमी होते म्हणून बाळ शांत होतं, हे मलाही तीन जणींनी सांगितलं होतं. खोटं आहे. हालचालीचा प्रकार बदलतो, लाथेऐवजी लोळणं जाणवतं, पण हालचाल कमी होत नाही. कमी वाटली तर त्याच दिवशी, त्याच तासाला फोन करायचा. घरी ठोके ऐकायचं यंत्र असेल तर त्यावर विसंबायचं नाही. ठोके ऐकू येणं म्हणजे बाळ ठीक असणं नव्हे, आणि नवख्या हाताला आईच्याच रक्ताची धडधड बाळाची वाटते.

गोळ्यांबद्दल एक. त्या दिवशी जळजळीच्या गोळीनं मला थोडं बरं वाटल्यासारखं झालं आणि रात्र गेली. खणात आयबुप्रोफेनही पडलेली होती, तीही घेणार होते. २० आठवड्यांनंतर त्या जातीच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत, बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन भोवतीचं पाणी कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये तसा इशारा दिला. मी घेतली नाही ती शहाणपणानं नव्हे, अंधारात सापडली नाही म्हणून.

दिवस भरल्यावरचं मात्र गणित वेगळं, आणि तेच काय ते सोपं. दर पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक मिनिटभर टिकणारी, असं तासभर चाललं की निघायचं. दुसरं बाळंतपण असेल तर एवढंही थांबू नये, दुसरी वाट बहुधा झपाझप सरते. पाणमोट फुटली तर कळा असोत नसोत कळवायचं. पाणी हिरवट असेल, भळभळ रक्त जात असेल, तर कळा मोजत बसायचंच नाही. हे सगळीकडे लिहिलेलं असतं, सगळ्यांना पाठ असतं. गंमत अशी की जिथे निसर्ग स्वतःच ढोल वाजवून सांगतो तिथेच आपल्याकडे नियम तयार आहेत.

थॅडियस आणि मेन या दोन संशोधक बायकांनी १९९४ मध्ये गरोदर बायका का दगावतात याची मांडणी तीन उशिरांत केली. जायचं ठरवायला झालेला उशीर, पोचायला झालेला उशीर, आणि पोचल्यावर उपचार मिळायला झालेला उशीर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये जगात सुमारे २ लाख ६० हजार बायका गरोदरपण आणि बाळंतपणाच्या कारणांनी गेल्या. त्यांतल्या पुष्कळशा दुसऱ्या आणि तिसऱ्या उशिराच्या बळी, रस्ता नाही, रक्त नाही, डॉक्टर नाही. त्यांच्यापुढे माझं दुःख ते काय. मला गाडी होती, फोन होता, जवळ माणूस होता. माझा सगळा उशीर पहिल्या जातीचा, बिछान्यात पडल्या पडल्या केलेला. पण त्या मांडणीतली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही: तिसऱ्या उशिराच्या आठवणीतून पहिला उशीर जन्मतो. मागच्या वेळी कोणी कसं वागवलं, हे बाई पुढच्या वेळी उंबऱ्यात उभी राहून आठवते. 'पहिलटकरणींना सगळंच दुखतं' म्हणणाऱ्याला कधीच कळणार नाही की त्याच्या त्या वाक्यानं चार आठवड्यांनी एक रात्र खाल्ली.

परवा धाकट्या बहिणीचा मेसेज आला, रात्री पावणेबाराला. "ताई, जागी आहेस?" तिला ३१ वा आठवडा. मी लगेच फोन लावला.

"काय होतंय?"

"काही नाही गं, जरा कंबर दुखतेय. तू झोप."

"जरा हे किती झालं. कशी दुखतेय?"

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "येते आणि जाते. लाटेसारखी."

"पोट कडक होतं का तेव्हा?"

"होतं वाटतं."

"किती वेळानं?"

"मोजलं नाही. उगाच गेले तर हसतील का गं?"

मी म्हटलं हसू देत, आणि हसले तर कोण हसलं त्याचं नाव विचारून ये. आणि जाताना काय सांगायचं ते मी तिच्याकडून फोनवरच घोकून घेतलं: कितवा आठवडा, कधीपासून, कुठे, येतं-जातं की एकसारखं, अंगावर काही गेलं का, पाणी, ताप, बाळाची हालचाल. तिचा नवरा मागून गाडीच्या किल्ल्या शोधत असल्याचा आवाज येत होता. अडीचला मेसेज आला, "काही नाही. लघवीत इन्फेक्शन निघालं, औषध दिलं. कळा थांबल्या. सिस्टर छान होत्या." लघवीतलं इन्फेक्शन म्हणजे 'काही नाही' नव्हे, पण ते तिला सकाळी सांगायचं ठरवलं.

मग मला झोप येईना. उठून कपाटातून ती स्पायरलची वही काढली. पहिल्या रात्रीचं पान बघण्यासारखं आहे. पट्टीनं आखलेले रकाने, पाच नोंदी, मिनिटं, सेकंद, खाली 'सिस्टरांना दाखवणे' असं अधोरेखित. पान उलटलं की पुढे ३३ वा आठवडा. तिथे रकाने नाहीत, वेळही नाही. पेन्सिलीनं, आडवं, पडल्या पडल्या लिहिलेलं: उजवीकडे बरगडीखाली जरा दुखतंय. ॲसिडिटी? सकाळी बघू.